किल्ली फिरवण्याआधी: वर्षानुवर्षं उभी राहिलेली स्पोर्ट्स कार पुन्हा चालती करताना

गाडी दहा-पंधरा वर्षं छपराखाली उभी आहे. वरचं कापड काढलं, धूळ पुसली, रंग अजून बरा दिसतो. मग मनात एकच येतं: नवी बॅटरी लावू, थोडं ताजं पेट्रोल घालू आणि सेल्फ मारून बघू. अशा गाड्यांचं भरून न येणारं नुकसान बरेचदा याच पाच मिनिटांत होतं. उभं राहून जे बिघडतं, ते बहुतेक दुरुस्त होण्याजोगं असतं. रबर बदलता येतं, गंज काढता येतो. पण सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा सेल्फच्या जोराने ओढल्या, की रिंग तुटते, पिस्टनवरची तिची खाच फुटते, भिंतीवर ओरखडे उठतात, आणि मग सगळं इंजिन उतरवण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून किल्लीला हात शेवटी लावायचा. त्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे मांडलं आहे.

उभ्या गाडीत नेमकं काय होतं

इंजिन जिथे थांबतं तिथे त्याचे काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. त्या सिलिंडरमध्ये एक्झॉस्टच्या किंवा कार्ब्युरेटरच्या वाटेने दमट हवा वर्षानुवर्षं ये-जा करते. त्यामुळे अशा इंजिनाचं हेड उघडलं की एका-दोन सिलिंडरमध्ये गंजाचा पट्टा आणि शेजारचे स्वच्छ, असं पुष्कळदा दिसतं. दिवसा तापणं आणि रात्री गार होणं रोज चालू असतं. त्यात टाकी, क्रँककेस, गिअरबॉक्स असे सगळे पोकळ भाग हवा आत-बाहेर करतात आणि आतल्या गार धातूवर दव धरतं. कॅमशाफ्टवरचा ऑइलचा थर ओघळून जातो. खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उरलेल्या जुन्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि पाणी असतं. ते बेअरिंगच्या मऊ धातूला खात राहतं. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. रबर कडक होतं. टायर, क्लच प्लेट, वॉटर पंपाचं सील असे भाग एकाच जागी दाबलेले राहून तिथेच चिकटतात.

मीटरवर किलोमीटर कमी आहेत याचं म्हणूनच फार समाधान मानू नये. उभ्या गाडीचं वय वर्षांत मोजायचं.

जॅक लावण्याआधी

पहिल्या दिवशी कुठलाही नट सोडू नका. आधी फोटो काढा: इंजिनाच्या चारही बाजू, वायरी, व्हॅक्यूमच्या नळ्या, कार्ब्युरेटरच्या दांड्या. शंभर फोटोही जास्त नाहीत, कारण सहा महिन्यांनी कुठली नळी कुठे होती हे कुणालाच आठवत नाही. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी ताडून पाहा. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मूळ इंजिन मूळ चेसिसवर असणं ही मोठी गोष्ट असते, आणि कागदांचा घोळ असेल तर तो खर्च करण्याआधी कळलेला बरा.

मग टॉर्च घेऊन खाली वाका. जॅक लावायच्या जागा, दाराखालच्या सिल, फ्लोअरचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं आहे ते कोपरे, या सगळ्या जागी बोथट स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. चांगला पत्रा खणकन वाजतो, कुजलेला कागदासारखा दबतो. एमजीबीसारख्या गाडीत सिल नुसत्या शोभेच्या नसतात, गाडीचा भार त्या उचलतात. त्या पोकळ झाल्या असतील तर जॅकवर गाडी वाकते आणि दारं लागेनाशी होतात. बॉडी फायबर ग्लासची असली म्हणून गंजाची चिंता मिटत नाही. लोटस एलानचा आतला कणा पोलादी पत्र्याचा आहे, आणि वरचा फायबर तुळतुळीत असताना खालचा कणा कुजलेला निघू शकतो. इथे मोठं काम निघालं, तर इंजिनाचा विचार नंतर. आधी बॉडी.

गाडी उचलली की नेहमी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

उंदीर

ही किरकोळ गोष्ट वाटते, पण नसते. एअर फिल्टर, हीटरचा पंखा, सायलेन्सर आणि सीटचा फोम या त्यांच्या आवडत्या जागा. घरटं कोरडं असताना झाडू नका, फुंकू नका, व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका. उंदरांच्या मूत्रातून आणि लेंड्यांतून हंटाव्हायरससारखे विषाणू धुळीसोबत फुप्फुसात जातात. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारून पाचेक मिनिटं भिजू द्या, मग मास्क आणि हातमोजे घालून ओलं असतानाच उचला. त्यांच्या मूत्राने ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या वायरी खराब होतात, म्हणून घरटं ज्या भागात होतं तिथल्या वायरी इंच-इंच तपासा. एक्झॉस्टच्या तोंडातही बघा. बियांनी आणि चिंध्यांनी गच्च भरलेला पाइप आढळतो.

बॅटरी जोडताना एक बल्ब

जुनी बॅटरी गेलेलीच असते, तिच्यात वेळ घालवू नका. नवी आणली तरी थेट जोडू नका. धन-ऋण नीट पाहा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये आणि त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. अशा गाडीला आजच्या सवयीने बॅटरी लावली तर उलटी लागते.

मग बॅटरीचं एक टोक आणि त्याची केबल यांच्या मध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब सीरिजमध्ये लावा. सगळे स्विच बंद, दारं बंद. बल्ब पेटता कामा नये. घड्याळ वगैरे असेल तर अगदी मंद मिणमिणेल. झगझगीत पेटला म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला लागली आहे. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या सर्किटमध्ये दोष. एकही फ्यूज काढून विझला नाही, तर दोष फ्यूजच्या आधीच्या वायरींत शोधायचा. शॉर्ट असला तरी हा बल्ब दोन ॲम्पियरच्या आसपासच करंट जाऊ देतो, म्हणून वायरिंग जळत नाही. थेट बॅटरी जोडली असती तर त्याच शॉर्टने इन्सुलेशन पेटलं असतं.

विजेच्या बाकीच्या तक्रारी बहुतांशी खराब अर्थिंगच्या असतात. इंजिन ते बॉडीची पट्टी आणि दिव्यांचे अर्थ पॉइंट सोडून, पॉलिश पेपरने चकचकीत करून, थोडं ग्रीस लावून परत घट्ट करा. गोळीच्या आकाराचे जुने फ्यूज असतील तर त्यांच्या क्लिपा हिरव्या-पांढऱ्या थराने माखलेल्या असतात. फ्यूज चांगला दिसतो आणि करंट मात्र जात नाही. सगळे फ्यूज नवे घाला.

इंजिन हाताने फिरवायचं

इथे घाई सर्वांत महाग पडते.

प्लग काढण्याआधी त्यांच्या खाचांमधली माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. प्लग घट्ट बसले असतील तर आदल्या दिवशी बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग जबरदस्तीने काढला की आटे सोबत येतात. प्लग क्रमाने मांडून ठेवा, त्यांचा रंग पुढे उपयोगी पडतो. शक्य असेल तर भोकातून छोटा कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती पाहा. हलका तपकिरी डाग चालतो. खवले आणि खड्डे दिसले तर इंजिन उघडावं लागेल हे तिथेच कळतं.

आता प्रत्येक सिलिंडरमध्ये १५ ते २० मिली पातळ गंजरोधक तेल सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळूनही चालतं. ते मिश्रण उभं राहिलं की वेगळं होतं, म्हणून वापरण्यापूर्वी हलवावं आणि आगीपासून लांब ठेवावं. दोन दिवस थांबा. गाडी न्यूट्रलमध्ये घालून क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा आणि इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेने सावकाश दाब द्या. प्लग काढलेलं इंजिन एका हाताने फिरलं पाहिजे. फिरलं तर पूर्ण दोन फेरे द्या, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटेल.

नाही फिरलं तर? अजून तेल, आणि एक ते दोन आठवडे. रोज थोडा दाब द्या. एखादा अंश हललं की पुढे-मागे, पुढे-मागे करत वाट मोकळी करा. गाडी गिअरमध्ये घालून ओढणं किंवा पान्याला पाच फुटी पाइप अडकवणं टाळा. टायमिंग बेल्टच्या इंजिनात मागे फिरवू नका, बेल्ट दात सोडू शकतो. तिथे पुढच्याच दिशेने धीराने.

व्हॉल्व्ह कव्हर काढून व्हॉल्व्हही पाहायचे. इंजिन हाताने फिरवत असताना दुसऱ्याने प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण वर येतो का ते बघावं. डिंकासारख्या जुन्या पेट्रोलने व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतात. पुश रॉडच्या इंजिनात अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे रॉड वाकतो. ओव्हरहेड कॅमच्या कित्येक इंजिनांत उघडा राहिलेला व्हॉल्व्ह थेट पिस्टनला धडकतो. कव्हर उघडलंच आहे तर कॅमच्या लोबांवर हाताने ऑइल ओता. इतकी वर्षं ते कोरडे आहेत.

माझदा आरएक्स-७ सारख्या रोटरी इंजिनात पिस्टनच नसतो, पण तत्त्व तेच. रोटरच्या टोकांवरच्या सीलपट्ट्या कार्बनने खाचांत धरून बसतात. प्लगच्या भोकांतून तेल सोडायचं, थांबायचं, हाताने फिरवायचं. फरक एवढाच की प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा तपासावा लागतो, आणि साधा कॉम्प्रेशन गेज तिघांतला सर्वांत मोठा आकडाच दाखवून थांबतो.

टायमिंग बेल्टबद्दल तडजोड नको. पोर्शे ९४४ (१९८२ ते १९९१) किंवा फेरारी ३०८ (१९७५ ते १९८५) यांच्यात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. वर्षानुवर्षं एकाच वळणात राहिलेला बेल्ट बाहेरून नवा दिसेल, पण आतले धागे त्या वळणावर थकलेले असतात. इंजिन चालू करण्याआधी बेल्ट, टेन्शनर आणि बेल्टवरच वॉटर पंप फिरत असेल तर तोही बदला. ९४४ मध्ये बॅलन्स शाफ्टचा दुसरा बेल्ट असतो, तो विसरू नका.

ऑइल

जुनं ऑइल काढताना भांड्यात आधी काय पडतं ते बघा. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि पहिलं बाहेर येतं. चमचाभर असेल तर दवाचं; कपभर असेल तर कूलंट कुठूनतरी आत आलं आहे. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी, कारण तो फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरतं.

कॅमवर सपाट टॅपेट घासणाऱ्या जुन्या इंजिनांना जस्त-फॉस्फरसचं संयुग जास्त असलेलं ऑइल लागतं. आजच्या पातळ ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी फॉस्फरस ८०० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत ८०० भाग) ठेवतात; जुन्या गाड्यांसाठीच्या ऑइलमध्ये जस्त साधारण १००० ते १२०० पीपीएम किंवा त्याहून जास्त असतं. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे; बऱ्याच जुन्या स्पोर्ट्स इंजिनांना २०डब्ल्यू-५० चालतं. नवा फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलने भरून मग लावा.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलताना भरण्याचा बोल्ट आधी सोडून पाहा. तो अडला आणि खालचा मोकळा केला असेल, तर गिअरबॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही. मॅन्युअलमध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलं असेल तिथे जीएल-५ घालू नका. जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात आणि गिअर पडताना करकरू लागतात.

पेट्रोल: टाकीपासून जेटपर्यंत

पेट्रोल कुजतं म्हणतात, तेव्हा दोन गोष्टी होतात. हलके घटक उडून जातात, म्हणून ते पेटायला जड होतं. आणि उरलेलं हवेशी संयोग पावून चिकट, मग कडक होतं. कार्ब्युरेटरमधल्या जेटच्या बारीक भोकात तोच थर बसतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते पाणी शोषतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा वेगळा थर तळाशी जमून पत्रा गंजवतो. जुन्या पेट्रोलला व्हार्निशचा वास येतो. ते ताज्यात मिसळून 'संपवायचा' मोह टाळा.

टाकी रिकामी करा, फ्यूएल गेजचा युनिट काढा, आत बघा. हलका गंज असेल तर टाकी उतरवून, साबणाच्या गरम पाण्याने पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत धुवा. मग लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक ॲसिडचं पाणी काठोकाठ भरून १२ ते २४ तास ठेवा. ते ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, लगेच गरम हवेने सुकवा आणि आतून पातळ तेल फिरवा. सुकवायला तासभर उशीर झाला तरी पत्रा पुन्हा नारिंगी होतो. पत्र्याला भोकं पडली असतील तर नवी टाकी शोधावी. आतून लेप देऊन भोकं बुजवण्याचे उपाय मिळतात, पण खालचा गंज पूर्ण निघाला नसेल तर लेपाचे पापुद्रे सुटून पंपात आणि जेटमध्ये येतात. रिकाम्या टाकीत उरलेल्या वाफा स्फोटक असतात, म्हणून तिच्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग नको.

पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदला, दिसायला चांगल्या असल्या तरी. जुन्या काळच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत दाब जेमतेम ०.२ ते ०.२५ बार असतो, पण बॉशच्या के-जेट्रॉनिक या पेट्रोल इंजेक्शनच्या यंत्रणेत तो ५ बारच्या आसपास जातो. तिथे इंजेक्शनसाठीची एसएई जे३० आर९ दर्जाची नळी आणि गोल पट्टीचे इंजेक्शनचे क्लिप लागतात. स्क्रूच्या दात्यांनी नळी कापणारे साधे क्लिप नकोत. बंद पडलेल्या गाड्या रस्त्यावर येताच पेटतात, त्यामागे फुटकी पेट्रोलची नळी हे एक मोठं कारण आहे.

कार्ब्युरेटर उघडून प्रत्येक जेट काढून फुंकून पाहायचा. भोक साफ करायला तार घालू नका. भोक शतांश मिलिमीटरने वाढलं तरी मिश्रण बिघडतं. कार्ब क्लीनर, थोडा वेळ भिजवणं आणि हवा. गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा नवे. दोन-तीन कार्ब्युरेटर असतील तर एका वेळी एकच उघडा, म्हणजे दुसरा नमुना म्हणून शाबूत राहतो. के-जेट्रॉनिकमध्ये मिटरिंग प्लंजर चिकटतो. तो काढायचाच असेल तर बोटाने, अलगद. तिथली झीज मायक्रॉनमध्ये मोजायची असते आणि पक्कड लागली की भाग गेला.

पाणी

कूलिंगचं काम तुलनेने सरळ आहे. जुनं कूलंट भांड्यात धरा, जमिनीवर सांडू नका. इथिलिन ग्लायकॉल गोड असतं आणि कुत्री-मांजरं ते चाटून मरतात. सगळे होज, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची टोपी नवी घाला. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन बोल्टही उघडा, कारण मातीसारखा गाळ तिथे साठतो आणि मागच्या सिलिंडरला पाणीच पोचत नाही. नवं कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं. ट्रायम्फ टीआर४ किंवा अल्फा रोमिओच्या जुन्या चार सिलिंडर इंजिनांत लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या सुट्या नळ्या, थेट पाण्यात उभे असतात. अशा इंजिनाचं हेड काढलं असेल तर लाइनर दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नका. ते जागचे हलले की खालचं सील तुटून पाणी ऑइलमध्ये जातं.

ब्रेक: पहिल्यांदा हलण्यापूर्वी

इंजिन धडधडू लागलं की गाडी अंगणात दोन हात पुढे-मागे करायचा मोह होतो. ब्रेकचं काम झालं नसेल तर ते करू नका.

बोलताना आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण डॉट ३, डॉट ४ हे ग्लायकॉल ईथरचे द्रव आहेत. त्यांत खनिज तेलाचा थेंबही गेला तर सिस्टिममधली रबरं फुगून निकामी होतात, म्हणून ब्रेकचे सुटे भाग पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने पुसू नयेत. डॉट ४ चा उकळणबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सियस, आणि पाणी शोषल्यावरचा दर्जा किमान १५५. जोरात ब्रेक लावताना पाणीयुक्त द्रव उकळला की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. तेच पाणी उभ्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या आतल्या भिंतीला आणि कॅलिपरच्या पिस्टनला खड्डे पाडतं. नवं सील अशा खड्ड्यावर घासून दहा-वीस दिवसांत फाटतं. म्हणून खड्डे असलेला सिलिंडर नुसत्या सीलच्या किटने सुधारत नाही. तो बदलायचा किंवा त्यात स्लीव्ह बसवून घ्यायची.

अडकलेला पिस्टन हवेच्या दाबाने बाहेर काढताना समोर लाकडाची फळी ठेवा, बोटं नव्हे. तो गोळीसारखा सुटतो. ग्रीस गन जोडून काढणं जास्त सुरक्षित, फक्त नंतर ग्रीसचा कण राहू नये. चाकाकडे जाणाऱ्या रबरी होज सगळ्या बदला. त्या आतून फुगतात: पाय दाबला की दाब पुढे जातो, सोडला की परत येत नाही, आणि चाक तापत राहतं. अशा वेळी कॅलिपरला दोष दिला जातो. ई-टाइप जॅग्वारमध्ये मागचे डिस्क चाकांपाशी नसून डिफरन्शियलला लागून आत बसवलेले आहेत. तिथे हात पोचत नाही म्हणून ते काम टाळलं जातं, आणि नेमके तेच टाळू नये.

जुन्या शू, पॅड आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर हवा मारू नका. पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करा.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचं पेडल तळापर्यंत दाबू नका. रोज वापरात नसलेल्या खालच्या टप्प्यात गंज असतो, सील तिथे जाऊन कापलं जातं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असेल तर क्लच दाबूनही गिअर पडत नाही. पेडल फळीने दाबून धरा, वरचा गिअर घाला आणि गाडी हाताने पुढे-मागे हलवत राहा. एक-दोन दिवसांत बहुधा सुटते.

टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा. दहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही खोल असली तरी फेकायचे. ज्या गाडीला वेगासाठीच बनवलं, तिच्या टायरवर काटकसर करणं बरोबर नाही. चाकं मॅग्नेशियमची असतील तर तडे तपासून घ्या; तारांची असतील तर प्रत्येक तार वाजवून पाहा, सैल तारेचा आवाज वेगळा येतो.

आता किल्ली

गाडी उघड्यावर आणा, जवळ अग्निशामक ठेवा. कॉइलची वायर काढा, प्लग अजून बाहेरच असू द्या, भोकांवर फडकं टाका. सिलिंडरमध्ये उरलेलं तेल आता बाहेर उडेल. हे न करता प्लग लावले तर तेल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दहा सेकंद सेल्फ, मग एक मिनिट विश्रांती. गेजवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत. तीन-चार वेळांत दाब आला नाही तर थांबा, पंपाने ऑइल उचललेलं नाही. गेजला जाणारी प्लॅस्टिकची बारीक नळी जुनी असेल तर आधीच बदला. ती फुटली तर डॅशबोर्डमागून गरम ऑइल पायावर येतं.

याच वेळी कॉम्प्रेशन मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांत असावा. एखादा कमी आला तर त्यात ५ मिली ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पण पहिल्या आकड्यांवरून इंजिन उघडायचा निर्णय घेऊ नका. चिकटलेल्या रिंगा शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर सुटतात आणि आकडे सुधारतात.

कॉन्टॅक्ट पॉइंट बारीक पेपरने घासून फटीचं अंतर मॅन्युअलप्रमाणे ठेवा, बऱ्याच गाड्यांत ते ०.३५ ते ०.४० मिमी असतं. कंडेन्सर नवा. प्लग नवे. पहिल्या चालूसाठी टाकीवर विसंबू नका. कार्ब्युरेटरच्या गाडीला स्वच्छ डबीतून ताजं पेट्रोल द्या.

इंजिन लागलं की नजर ऑइलच्या गेजवर. काही सेकंदांत दाब आला नाही तर बंद. जोरात रेस करू नका, १२०० ते १५०० आरपीएमवर राहू द्या. पहिली काही मिनिटं निळसर धूर येणारच, ते आपणच घातलेलं तेल आहे. पाऊण तासानंतरही निळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरा, गोडसर वासाचा आणि थांबत नसेल तर हेड गॅस्केट. पांढराच धूर ब्रेकच्या व्हॅक्यूम सर्व्होमुळेही (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यामुळे) येतो: मास्टर सिलिंडरचं सील गळलं की ब्रेक ऑइल सर्व्होतून इंजिनात ओढलं जातं. म्हणून गॅस्केटचा खर्च करण्याआधी ब्रेकच्या डब्यातली पातळी घटते का ते बघा. टॅपेटचा खडखडाट हायड्रॉलिक लिफ्टरच्या इंजिनात दहा-पंधरा मिनिटांत शांत होतो. खालून येणारा जड ठोका मात्र बेअरिंगचा असतो. त्याला वाट पाहायची नसते.

पहिले दीडशे किलोमीटर

चालण्याच्या वेगाने सुरुवात करा आणि दर काही मीटरवर ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल मऊ पडतं का. मग पाच किलोमीटर, आणि परत येऊन चारही चाकांच्या मध्याला हात जवळ नेऊन पाहा. एकच तापलं असेल तर तो ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंगचं ग्रीस सुकलं आहे. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा ताणा. पेट्रोल फिल्टर पारदर्शक लावला असेल तर रोज बघा, पहिल्या आठवड्यात टाकीतली माती त्यात दिसते. दोन-तीन फिल्टर सोबत ठेवा.

दीडशे किलोमीटरवर इंजिन ऑइल आणि फिल्टर परत बदला. हा खर्च वाया जात नाही. सुटलेला गंज आणि कार्बन याच ऑइलमध्ये येतो. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. काळा गाळ आणि एखाद-दुसरा कण ठीक. चमकणारी सोनेरी-तांबूस पूड म्हणजे बेअरिंगचा धातू.

आणि गळती. मागचं क्रँकचं सील, गिअरबॉक्सची सीलं पहिल्या आठवड्यात ठिबकतात. त्यासाठी लगेच इंजिन उतरवू नका. कोरड्या सीलच्या ओठाला गरम ऑइल मिळालं की काही सीलं महिन्याभरात पुन्हा नीट धरतात. जमिनीवर पुठ्ठा अंथरा, त्यावर तारीख लिहा आणि दर आठवड्याला डागाचा आकार ताडून पाहा. डाग लहान होत असेल तर वाट पाहा. वाढत असेल तर सील मागवा.